इवाई, मी आणि अडकलेलं शीड

सन दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं चालू होतं. त्या वर्षी दिवाळीनंतर मी गोव्याला गेलो आणि समुद्रातल्या बोटीचं शीड दुरुस्त करून आलो. कंधारात हे सांगतो तर निम्म्या लोकांना पटत नाही. म्हणून लिहून ठेवतो. माझी शाळा तिसरीपर्यंतची. लिहिण्यात चूक झाली तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. हातपंपाविषयी मात्र माझं काही चुकलं असं कुणी म्हणू नये. ते चुकत नाही.

पंचेचाळीस वर्षं मी हातपंप दुरुस्त केले. कंधार, लोहा, पार हिमायतनगरपर्यंत. जमिनीच्या पोटात दोनशे फुटांवर काय बिघडलं ते मी वर पाइपाला कान लावून सांगतो. वायसर गेलं तर वेगळा आवाज, रॉड सुटला तर वेगळा, वाळू भरली तर आणखी वेगळा. इंजिनियर लोक पुस्तक बघायचे, मी कान लावायचो. हे हुन्नर गावाला माहीत आहे.

लेकीनं बोलावलं म्हणून गेलो, असं मी सगळ्यांना सांगितलं. तसं ती तीन वर्षांपासून बोलावून राहिली होती. मी गेलो ते इवायांमुळं.

इवाई म्हणजे माझ्या जावयाचे वडील, रघुनाथराव. चाकूरचे. तहसिलीत अव्वल कारकून होते, आता पेन्शनीवर आहेत. माझा जावई मिलिंद गोव्यात एका कॅप्टनच्या शिडाच्या बोटीवर कामाला. बोट धुणं, दोर बघणं, मशीन बघणं, सगळा जिम्मा त्याचा. उन्हाळ्यात इवाई तिथं महिनाभर राहून आले आणि बोटीचं चाक हातात धरून पांढऱ्या टोपीतला फोटो काढून आले. तो फोटो चाकूरला फिरला, लातूरला फिरला, आणि फिरत फिरत आमच्या बायकोच्या मोबाईलवर आला.

"कसे शोभून दिसून राहिले न्हाई?" ती म्हणाली.

"टोपी घातली की कुणीबी शोभतंय," मी म्हणालो.

"तुमी घाला की मग."

त्याच दिवशी मी लेकीला फोन लावून सांगितलं, येतो म्हणून. बायको म्हशीमुळं येऊ शकत नव्हती. तिनं धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटून दिली. मी अवजारांची पिशवी घेतली. दोन पाने, चिमटा, कानस, सुती चिंध्या. निघताना शेजारचे सायकलवाले बाबूमिया म्हणाले, "समंदर देखने जा रै क्या मिस्त्री? वहाँ तो पानीच पानी है. पाने कायको ले जा रै?"

मी म्हणालो, पाने घरी ठेवले तर मी कोण म्हणून जाऊ?

लातूर

लेकीनं माझ्यासोबत इवायांनाही परत बोलावलं होतं आणि दोघांची तिकिटं एकाच गाडीची काढली होती. कंधाराहून मी लातूरला आलो तर इवाई स्टँडवर आधीच हजर. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, चाकांची बॅग. लांबून "जय भीम, मिस्त्री" म्हणाले. मी पण जय भीम घातला. खिडकीची जागा त्यांचीच निघाली.

"तुमाला पाहिजे का खिडकी?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. पाहिजे होती.

रस्त्यात त्यांनी माझ्या बायकोचे चार धपाटे खाल्ले आणि म्हणाले, "विहीणबाईच्या हाताला लई चव हाय. सुजाताच्या हातात तीच उतरलीय." माझ्या लेकीच्या हाताची चव हा माणूस मला सांगून राहिला होता. बाकी प्रवासाचं काय सांगायचं, गाडीत बसलो आणि गाडीतून उतरलो.

उतरलो ते लाल मातीत. सुजाताचं घर नदीच्या काठच्या गावात आहे, दोन खोल्या, पुढं नारळाची दोन झाडं. दारात आलो तर ती धावत आली आणि आधी पाया पडली त्यांच्या. ते पुढं होते म्हणून पडली हे मला कळतं. मी मागं होतो, कारण त्यांच्या बॅगेचं चाक मातीत रुतलं आणि बॅग मी उचलली होती.

मग चहा आला. त्यांचा कप बिनसाखरेचा, न विचारता. मला तिनं विचारलं, "आबा, साखर किती घेता आता?"

चोवीस वर्षं ही पोर माझ्या घरात वाढली. मला ती आबा म्हणते, आणि त्यांना पप्पा. पप्पा हा शब्द आमच्या घरात कधी नव्हता. तिथं दिवसभर तोच ऐकायला मिळाला. पप्पा म्हणतात इथली मिरची तिखट नाही. पप्पा म्हणतात बँकेत असं करायचं. मी म्हणालो, दोन चमचे.

बोट

नदीचं नाव मांडवी. आमच्या नांदेड जिल्ह्यात मांडवी म्हणजे किनवट तालुक्यातलं गाव. इथं नदी, आणि नदी तरी कशी, पलीकडचा माणूस दिसत नाही. थोडं पुढं गेलं की समुद्र. पाणी बघून माझ्या डोक्याला मुंग्या आल्या. आमच्या मन्याडीला पुराच्या दिवशीसुद्धा एवढं पाणी नसतं, आणि हे इथं रोज पडलेलं, त्यात प्यायला एक ओंजळ नाही.

धक्क्याला बोट बांधलेली होती, पांढरीशुभ्र. मधोमध डोलकाठी, साठ फूट तरी असेल, आतून पोकळ. मिलिंदनं मला समजावलं, "मामा, जुन्या बोटीचं शीड वर चढवायचं आन खाली उतरवायचं. हिचं शीड डोलकाठीच्या पोटात ऱ्हातंय. आत एक उभी सळई हाय, तिच्यावर गुंडाळलेलं. दोर वडला की फटीतून भाईर येतंय. हे हँडल फिरवलं की परत आत."

आपल्याकडं दुकानाचं शटर वरून खाली येतं. तेच शटर आडवं सरकायला लावलं असं समजा. मला बघताक्षणी कळलं. पोकळ नळी, आत सळई, खाली बेअरिंग. म्हणजे उलटा हातपंप, जमिनीत जायच्या ऐवजी आभाळात गेलेला. हे मी बोललो तर इवाई म्हणाले, "तसं नसतंय मिस्त्री. याचं शास्त्र वेगळं हाय." आणि मला एक पुस्तक दाखवलं. इंग्रजी होतं.

बोटीचे मालक कॅप्टनसाहेब गोव्याचेच. सत्तरीचे, कमी बोलणारे. पुष्कळ वर्षं मुंबईच्या गोदीत गेल्यामुळं मराठी बोलत. इवायांना ते रावसाहेब म्हणत. मला काहीच म्हणाले नाहीत, नुसती मान हलवली.

मंगळवारी आम्हाला घेऊन गेले. नदीच्या तोंडापर्यंत ठीक होतं. पुढं वारा लागला, बोट एका अंगावर कलली आणि खारं पाणी तोंडावर फाडफाड येऊ लागलं. मला ओकारी झाली. एकदा नाही, तीनदा. इवायांनी माझं कपाळ धरलं, पाठीवरून हात फिरवला. कपाळ धरणाऱ्या माणसावर राग धरता येत नाही, त्याचा मला जास्त राग आला. कॅप्टननी मला चोखायला लिंबू दिलं. चाक इवायांना दिलं.

तोटी

आता जे लिहितो ते मी अजून कंधारात कुणाला सांगितलेलं नाही.

परत धक्क्याला आलो. मिलिंदनं तोटीला पाइप लावला आणि पाइपाचं तोंड डोलकाठीच्या बुडाशी असलेल्या फटीत घातलं. म्हणाला, "पप्पा, आज लई खारं पाणी उडालंय. आतल्या बेअरिंगला आधीच खार धरलाय. अर्धा तास गोडं पाणी वाहू द्या, कमी न्हाई. मी कॅप्टनला घरी सोडून येतो."

काम दिलं ते पप्पांना. मी मिस्त्री तिथं उभा असताना.

इवाई तोटीपाशी गेले, पाणी सुरू केलं, येऊन पाइपापाशी बसले. पाचएक मिनिटांनी त्यांना चाकूरहून फोन आला. ते बोलत बोलत धक्क्याच्या त्या टोकाला गेले. मी आणि वाहतं पाणी मागं राहिलो.

ते पाणी डोलकाठीच्या बुडातून निघत होतं, बोटीवरून घरंगळत होतं आणि खाऱ्या पाण्यात पडत होतं. गोडं पाणी. मी हातावर घेऊन चाखलं. आमच्या घरच्यापेक्षा गोड. लातुराला रेल्वेनं पाणी आणलं त्या वर्षी आम्ही कंधारात बाजेवर बसून आंघोळ करायचो, बाजेखाली घमेलं ठेवायचो आणि ते घमेल्यातलं पाणी म्हशीला पाजायचो. म्हैस साबणाच्या वासानं मान फिरवायची, मग तहान लागली की प्यायची. एका गावात पंप दुरुस्त करून दिला तेव्हा पहिल्या बादलीसाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरताना मी बघितल्यात. आणि इथं लोखंडावर अर्धा तास ओतायचं. मला बघवेना. तिकडं तोंड फिरवलं तर कानाला ऐकू येई.

मी उठलो आणि तोटी बंद केली.

पाइप गुंडाळून ठेवला. इवाई आले, म्हणाले, "झालं का?"

मी म्हणालो, "झालं."

मधले दोन दिवस

बुधवार-गुरुवार सुजातानं आम्हाला फिरवलं. मासळी बाजार दाखवला. आपल्याकडं धरणातली मरळ आली तरी गावात बातमी होते. इथं मासळीवाल्या बायका सोनं घालून बसतात आणि तुमच्याकडं बघतसुद्धा नाहीत. जेवण भाताचं, दोन्ही वेळा. वर नारळाची आंबट आमटी. चांगली लागते, पण भात पोटात राहत नाही, दोन तासांनी परत भूक. मी भाकर मागितली. सुजाता म्हणाली, "ज्वारीचं पीठ इथं मिळत न्हाई आबा. पप्पांना आता भाताची सवय झालीय." मग मी भातच खाल्ला. दोनदा वाढून घेतला.

एका घरापाशी विहीर दिसली. वाकून बघितलं तर पाणी हाताला लागेल एवढं वर. मालकीणबाई झाडाला पाणी घालत होत्या. मी विचारलं, "बाई, इथं हातपंप कुठं हायत?"

त्या म्हणाल्या, "हातपंप? कित्याक?"

कित्याक म्हणजे कशाला, हे सुजातानं सांगितलं. मी त्यांना पाणी खाली गेल्यावर काय करायचं ते सांगू लागलो. त्या म्हणाल्या, पाणी खाली कसं जाईल? या देशात माझा धंदा उपाशी मेला असता.

शुक्रवार

शुक्रवारी मिलिंद शीड तपासायला गेला आणि तासाभरानं त्याचा फोन आला. शीड निम्मं बाहेर आलं होतं, आत जाईना. आम्ही तिघं गेलो. कॅप्टन धक्क्यावर उभे होते. ओरडत नव्हते. हळू बोलत होते, आणि ते जास्त वाईट असतं.

"रविवारी माझी लेक येते, पोरांना घेऊन. भर वाऱ्यात शीड अडकलं तर बोट आडवी होईल. रविवारी सकाळपर्यंत सुरळीत पाहिजे, मिलिंद. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

सुजाताचा चेहरा पांढरा पडला. हीच नोकरी, याच नोकरीवर ते घर.

इवायांनी पुस्तक उघडलं. चष्मा लावला आणि एकेक ओळ मोठ्यानं मराठी करून सांगू लागले. पहिलं, वारा कोणत्या अंगानं आहे ते बघा. चुकीच्या अंगानं असेल तर शीड फटीच्या कडेला घासतं. बोट वाऱ्याकडं तोंड करून फिरवली. फरक नाही. दुसरं, शिडाखालची आडवी काठी सरळ आहे का बघा. ती खाली झुकली की शीड वाकडं गुंडाळतं. काठी जराशी वर उचलून बघितली. फरक नाही. तिसरं, वरचा दोर लई ताणला असेल तर ढिला करा. केला. हँडल तसंच जड. मिलिंद दोन्ही हातांनी फिरवून घामाघूम झाला.

"आता पुस्तकात काय म्हणतंय?" मी विचारलं.

"आता म्हणतंय कंपनीला कळवा," इवाई म्हणाले.

मी चपला काढल्या आणि डोलकाठीला कान लावला. "फिरीव," मिलिंदला सांगितलं. "हळू. थांब. उलटं फिरीव."

ऐकू आलं. वरती, माझ्या डोक्याच्या बरंच वर, सळई नळीला घासत होती. बोअर वाकडा गेला की रॉड असाच पाइपाला घासतो आणि दांडा जड होतो. शंभरदा ऐकलेला आवाज.

"डोलकाठी वाकलीय," मी म्हणालो.

"सरळ हाय की मिस्त्री, दिसून राहिली," इवाई म्हणाले.

मी धक्क्यावर उताणा झोपलो आणि एक डोळा मिटून वर बघितलं. मधोमध डोलकाठीचं पोट पुढं आलं होतं, बोटभर. डोलकाठीच्या शेंड्यावरून मागं एक तार बांधलेली असते. तिनं शेंडा मागं ओढलेला. मी म्हणालो, ती तार ढिली करा. मिलिंदनं कॅप्टनकडं बघितलं. कॅप्टननी माझ्याकडं बघितलं, मग मान हलवली. मिलिंदनं तार ढिली केली, हँडल फिरवलं, आणि निम्मा जोर कमी झाला.

"शाब्बास मिस्त्री," कॅप्टन म्हणाले. पहिल्यांदा त्यांनी मला काहीतरी म्हटलं. सुजातानं माझ्याकडं बघितलं. लहानपणी पंपाला पहिलं पाणी आलं की ती अशी बघायची. इवाईसुद्धा म्हणाले, "कमाल केली बरं का." मनापासून म्हणाले. मला तेही आवडलं नाही, पण त्या वेळी चाललं.

तिथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण हँडल अजून निम्मं जड होतं, आणि मला आता पूर्ण मान पाहिजे होता. मी खाली बसलो, डोलकाठीच्या बुडाशी कान लावला. "फिरीव."

खर्र, खर्र. वाळू भरलेल्या सिलेंडरचा आवाज. इथं वाळू नव्हती. मला त्याच क्षणी कळलं की तो खार आहे, आणि कुणामुळं आहे तेही कळलं. सांगायचं नसतं तर "काही न्हाई" म्हणून उठता आलं असतं. पण माझ्या कानानं पकडलेलं मी आजवर लपवलं नाही. तोंडातून गेलंच, "बुडाला खार भरलाय."

मिलिंदनं झाकण उघडलं. आत पांढरा थर, टणक, मिठाच्या खड्यासारखा. तो बापाकडं वळला.

"पप्पा, मंगळवारी अर्धा तास पाणी सोडलं होतं ना?"

इवायांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी पाण्याकडं बघितलं आणि म्हणाले, "कमी सोडलं असंल, बाळा."

"असंल म्हंजे? कमी न्हाई म्हणून सांगितलं होतं की मी."

"चुकलं."

कॅप्टन म्हणाले, "रावसाहेब, माझ्या बोटीवर सांगितलेलं काम अर्धं करणारा माणूस मला चालत नाही. उद्यापासून तुम्ही वर येऊ नका."

इवाई चपला घालून धक्क्यावरून चालू लागले. मी डोलकाठीपाशी बसलेला होतो. कान अजून गरम होता.

शनिवारी दिवसभर आम्ही कोमट गोडं पाणी त्या बुडाशी सोडून राहिलो होतो. सोडायचं, फिरवायचं, परत सोडायचं. तोटीवर मिलिंद होता. तिसऱ्या प्रहरी हँडल दोन बोटांनी फिरू लागलं. शीड लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. कॅप्टननी स्वतः फिरवून बघितलं आणि मला म्हणाले, "मिस्त्री, उद्या तू चल. नदीच्या तोंडाबाहेर गेलो की चाक तुझ्या हातात."

घरी आलो. सुजातानं चहा आणला. दोन चमचे साखरेचा, न विचारता. शेजारणीला हाक मारून सांगत होती, "आमच्या आबांनी नुसत्या कानावर ओळखलं हो." इवाई कोपऱ्यात बसून बॅग भरत होते. उद्या सकाळच्या गाडीनं निघतो म्हणाले. मिलिंद त्यांच्याशी धड बोलत नव्हता. सुजाता "पप्पा, राहा ना" म्हणाली, पण एकदाच म्हणाली. अजून पाच दिवस मुक्काम होता. ते पाच दिवस आता माझे एकट्याचे.

जे जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं. मी चहा प्यालो आणि जेवलो नाही. पोट बरं नाही म्हणून सांगितलं.

रविवार

सकाळी धक्क्यावर गेलो. कॅप्टनची लेक आली होती, दोन पोरं आली होती, मिलिंद दोर सोडून राहिला होता. कॅप्टननी बोटीवरून हात पुढं केला. दुसऱ्या हातात पांढरी टोपी होती. एक पाय मी बोटीच्या कडेवर ठेवलाही.

मग तो काढून घेतला आणि म्हणालो, "कॅप्टनसाहेब, तोटी मी बंद केलती. रावसाहेबांनी न्हाई. मला पाणी वाया जाताना बघवलं न्हाई."

मिलिंदच्या हातातला दोर तसाच राहिला. कॅप्टननी पुढं केलेला हात मागं घेतला.

"शुक्रवारी का नाही बोललास?"

"मला तुमी मिस्त्री म्हणाला व्हता."

ते म्हणाले, "मिलिंदच्या कामाला धोका नाही. पण तू पण खालीच थांब." टोपी त्यांनी आपल्याच डोक्यावर घातली. बोट गेली. मी थांबून बघितलं नाही, घराकडं निघालो. गाडीला अजून अवकाश होता.

इवाई पायताण घालून ओट्यावर बसले होते. सुजाता चुलीपाशी. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, जसं कॅप्टनला सांगितलं तसं. "झालं" म्हणालो होतो, तेही सांगितलं. सुजाता चमचा हातात घेऊन माझ्याकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर शनिवारचं काही उरलं नव्हतं.

इवाई खाकरले. म्हणाले, "मिस्त्री, ती तोटी मीच आधी निम्मी केलती. पूर्ण धार सोडली, पण माझ्या जिवाला सोसंना. वर्षभर टँकरच्या रांगा लावल्यात मी तहसिलीत बसून. मग हळूच पीळ दिला. तुमी बंद केली ती निम्मीच व्हती."

कबुली द्यायला मी आलो, आणि त्यातही या माणसानं निम्मा वाटा मागितला.

"मग तुमी परवा का न्हाई सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं की. चुकलं म्हणालो."

सुजातानं चमचा पातेल्यात टाकला. "म्हंजे घरची तोटी पण तुमी दोघंच पिळून ठेवता व्हय? आठ दिवस झाले, मोरीत धार येईना. मी प्लंबरला बोलावणार होते." ती हसत नव्हती. "ह्यांची नोकरी गेली असती. दोघांच्या अंगात एवढी वर्षं पाण्याची टंचाई मुरली, पण एकालाबी बोलता येईना."

तिनं आम्हाला दोघांना चहा दिला. साखर कुणालाच विचारली नाही. दोन्ही कप बिनसाखरेचे होते. मी प्यालो.

इवायांनी बॅगेला हात घातला. मी म्हणालो, "ठेवा." ते म्हणाले, "तिकीट काढलंय." मी म्हणालो, "ठेवा म्हणालो ना," आणि बॅग माझ्याकडं ओढली. चेन उघडली. सदरे घडी करून ठेवलेले, एकावर एक, माझ्या कुठल्याही सदऱ्यापेक्षा पांढरे. ते मी एकेक करून बाहेर काढले, झटकले आणि परसातल्या दोरीवर टांगून आलो.